फिरतं बूच, लोंबतं वजन: बल आणि आवर्तकाळ मोजण्याच्या नोंदी, डिचोली

८ जुलै

अकरावीच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकली आहे. वस्तू तीच आणि त्रिज्या तीच ठेवली, तर अभिकेंद्री बल (वस्तूला केंद्राकडे ओढणारं) आवर्तकाळाच्या, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळाच्या, वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे बल चौपट केलं की एक फेरी निम्म्या वेळात व्हायला हवी. वर्गात हे सगळ्यांना पाठ आहे, पण करून पाहिलेलं कोणीच नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर प्रदर्शन आहे, तोवर हे आकड्यांनिशी उभं करायचं ठरलं.

आधी टेबलफॅनची जुनी मोटर लावायचा विचार होता. तो सोडला. मोटर वेग ठरवते, मग बल मोजायला फिरणाऱ्या दोरीत ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) अडकवावा लागतो आणि फिरत्या काट्यावरचा आकडा वाचणार कोण? त्यापेक्षा जुनीच रीत बरी: उभी नळी हातात, तिच्यातून दोरी, वरच्या टोकाला रबरी बूच, खालच्या टोकाला वजन. बूच डोक्यावर गरगर फिरवायचं. खालचं वजन वरही जात नाही आणि खालीही येत नाही असा वेग सापडला, की दोरीतला ताण त्या वजनाइतका. बल आपण ठरवायचं, वेग हाताने शोधायचा.

बूच गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोललं, छिद्रातल्या तारेसकट बरोब्बर २०.० ग्रॅम. वजनांसाठी वायसर, म्हणजे नट-बोल्टच्या चकत्या, आणले. एकाच पुडीतले, एकाच मापाचे, तरी एक ९.१ ग्रॅमचा तर दुसरा १०.४ चा. तेव्हा ‘दहा वायसर म्हणजे शंभर ग्रॅम’ असं धरून चालू नका. आम्ही एकेक तोलून, जड-हलके जुळवून ५० ग्रॅमच्या माळा केल्या आणि तारेत ओवून ठेवल्या.

१० जुलै

पहिली नळी: बॉलपेनचं रिकामं नळकांडं. दोरी: गोणी शिवायचा सुती दोरा. खर्च शून्य आणि निकालही तसाच.

पेनच्या तोंडाची कड धारदार असते. थोड्या फेऱ्यांत दोरा तिथे पिंजायला लागला आणि १५० ग्रॅमची माळ लावल्यावर तुटला. बूच व्हरांड्यातून सुटून समोरच्या मंगळुरी कौलांवर जाऊन पडलं. लॅबमधले काका शिडी आणायला गेले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “सर, ते बाहेरच्या बाजूला नाही गेलं, सरळ पुढे गेलं.” बरोबर पाहिलं होतं तिने. दोरी तुटली त्या क्षणी बूच ज्या दिशेला चाललं होतं त्याच दिशेला गेलं, आमच्यापासून लांब फेकल्यासारखं नव्हे. हे दाखवायला मुद्दाम दोरी तोडायची मात्र गरज नाही.

आजपासून फिरवणाऱ्याच्या डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली. बाकीच्यांनी दोन मीटर लांब. आणि बुचाची गाठ नुसत्या रबरावर मारायची नाही. बुचातून आरपार तांब्याची तार काढून तिची कडी करायची, दोरी त्या कडीला.

१५ जुलै

दोरी बदलून वाचनं घेतली, पण एकाचं दुसऱ्याशी जुळेना. १०० ग्रॅमला वीस फेऱ्यांचा वेळ एक जण १४ सेकंद काढतो, दुसरा १७. दोघेही शपथेवर सांगतात की खालचं वजन स्थिर होतं. आणि ते खरंच स्थिर होतं, मीही बघत होतो.

कारण नळीच्या कडेला आहे. दोरी नळीच्या तोंडाशी जवळजवळ काटकोनात वळते आणि तिथल्या घर्षणामुळे वरचा ताण आणि खालचं वजन सारखे राहत नाहीत. किती फरक पडतो ते मोजायला फिरवायचीही गरज नाही. नळी शिकंजात उभी धरली, खाली १०० ग्रॅम लावले, वरचं टोक ताणकाट्याने आडवं ओढलं. वजन हळूहळू वर चढत असताना काटा १३८ ग्रॅम दाखवतो. हळूहळू सैल सोडत असताना ७४. मधल्या कुठल्याही आकड्याला वजन आपलं गप्प बसून राहतं.

म्हणजे आपण बल १०० म्हणतो, पण बुचाला मिळतं ७४ ते १३८ मधलं काहीही. गणित केलं: या बुचाला ७५ सेंटिमीटर दोरीवर १०० ग्रॅमने वीस फेऱ्यांना १५.६ सेकंद लागायला हवेत. पण या घर्षणात १३.३ पासून १८.१ पर्यंत कुठलाही वेग ‘स्थिर’ दिसेल. बोर्डाच्या प्रात्यक्षिकात मुलं गुरुत्वत्वरण ९.८ घ्यायचं की ९.८१ यावर वाद घालतात. (गोव्यात ते ९.७८ च्या आसपास आहे, हवं तर तेच घ्या.) इथे नळीची कड चाळीस टक्के खात होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

हा प्रयोग करणाऱ्या कोणालाही मी एवढंच सांगेन की पहिलं वाचन घेण्याआधी ही ताणकाट्याची परीक्षा करा. पाच मिनिटांचं काम आहे, आमचा आठवडा वाचला असता.

१८ जुलै

शुक्रवार, म्हापशाचा बाजार. पावसात ताडपत्र्यांखालून वाट काढत गळाचं सामान विकणाऱ्याकडे पोचलो. “कितें जाय, माश्टर?” म्हणाला. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, हवी म्हटल्यावर त्याने विचारलं, नदीत की दर्यात? बूच फिरवायला म्हटलं असतं तर पुढचा अर्धा तास गेला असता, म्हणून नदीत म्हटलं. ०.४ मिलिमीटरची घेतली, ६० रुपये.

खरा लाभ वेगळाच झाला. गळाच्या काठीच्या टोकाला जी रिंग असते, तिच्या आत चिनी मातीसारखं कडक, गुळगुळीत कडं बसवलेलं असतं. जोरात ओढ घेणाऱ्या माशाच्या वेळी तंगूस झिजू नये म्हणून. आपल्याला नेमकं तेच पाहिजे होतं. ८० रुपयांना एक. दोन घेतल्या.

२२ जुलै

नळीसाठी एसी बसवणाऱ्याकडून तांब्याच्या पाइपचा उरलेला तुकडा मिळाला, वीतभर लांब, फुकट. रिंगचं आतलं कडं तिच्या पत्र्याच्या चौकटीतून सोडवताना पहिलं पक्कडीत चिरलं. दुसऱ्या वेळी चौकट बारीक कानशीने दोन ठिकाणी कापली, मग कडं अंगठ्याने निघालं. पाइपचं तोंड पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं आणि कडं एराल्डाइटने वर चिकटवलं. पॅकेटवर लिहिलेल्या वेळात ते वाळलं नाही. पावसाळी हवा होती, की आमचं मिश्रण कमी-जास्त झालं होतं, कोण जाणे. दोन रात्री ठेवलं तेव्हा पक्कं झालं. खालच्या तोंडाची कड गोल कानशीने मोडली, कारण तिथेही दोरी घासते.

परत तीच परीक्षा. १०० ग्रॅमला चढताना १०७, उतरताना ९४. वीस फेऱ्यांचा वेळ आता फार तर १५.१ ते १६.१ मध्ये हलेल. त्यावरही उपाय आहे: वजन जेमतेम वर सरकू लागतं तो एक वेग आणि जेमतेम खाली येऊ लागतं तो दुसरा, दोन्ही वेळा मोजून सरासरी काढायची.

२९ जुलै

आज मुलांनी दिवसभर वाचनं घेतली आणि दिवसभर भांडली. भांडणं कामाची होती, म्हणून लिहून ठेवतो.

लांबी कायम राहावी म्हणून नळीच्या खाली दोरीला दातेरी चिमटा लावला होता. फेरी वेगात गेली की चिमटा वर चढून नळीच्या बुडाला टेकतो. टेकला की संपलं! मग वजन हललं नाही तरी त्याचा अर्थ काही नाही, कारण उरलेला ताण नळी पेलते. कितीही जोरात फिरवा, सगळं स्थिरच दिसतं. एका गटाची २०० ग्रॅमची सगळी वाचनं अशीच आली होती, फार कमी वेळाची आणि एकमेकांशी अगदी जुळणारी. वाचनं फार छान जुळायला लागली की आधी चिमट्याकडे बघा. आम्ही तो काढून टाकला आणि दोरीवर नखपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपका नळीच्या बुडाखाली बोटभर दिसत राहिला पाहिजे, बस.

फेऱ्या मोजताना घड्याळ सुरू करण्याच्या क्षणी ‘एक’ म्हणायचं नाही, ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ने सुरुवात केली की एकोणीस फेऱ्यांना वीस म्हटलं जातं, पाच टक्के तिथेच गेले. २५० ग्रॅमला एक फेरी अर्ध्या सेकंदाच्या आत होते, तोंडाने मोजणं जमतच नाही. तिथे मोबाइलवर संथगती व्हिडिओ घेऊन मग मोजावं.

तिसरी गोष्ट हाताची. जोर लावताना हात मोठ्या वर्तुळात फिरतो आणि वर्तुळाचं केंद्रच भटकायला लागतं. सुरुवातीला फिरवा हवं तसं, पण मोजणी सुरू झाल्यावर नळीचं तोंड रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतच फिरलं पाहिजे. उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून ठेवलं की जमतं. पेडण्याहून येणारा एक मुलगा यात तरबेज निघाला. घरी घुमट (हाताने वाजवायचं मातीचं वाद्य) वाजवतो, मनगट त्याचं आधीच तयार आहे. यापुढची सगळी वाचनं त्याच्या हातची.

आणखी एक बारीकसं: तंगूस ताण पडल्यावर लांबते. २५० ग्रॅमला आमच्या ७५ सेंटिमीटरला साधारण पाऊण सेंटिमीटर. लांबी मोजताना वजन लावूनच मोजावी.

८ ऑगस्ट

ज्यासाठी या नोंदी ठेवायला घेतल्या असं म्हणता येईल, ते आज सापडलं.

मोठ्या वजनांची वाचनं गणिताशी छान बसत होती. लहान वजनं मात्र बसेनात. आणि चूक नेहमी एकाच बाजूला: प्रत्यक्ष वेळ गणितापेक्षा जास्त. ५० ग्रॅमला वीस फेऱ्यांचे गणिताने २१.१ सेकंद यायचे आणि घड्याळावर २२.३. घर्षण म्हणावं तर सरासरी काढून ते आम्ही आधीच बाजूला केलं होतं. मुलं म्हणाली, हवेचा अडथळा. काही न सुचलं की हवेचा अडथळा, हे दरवर्षीचं आहे. पण हळू फिरणाऱ्या बुचाला हवा जास्त अडवेल आणि वेगाने फिरणाऱ्याला कमी, हे कसं?

म्हणून उलट्या बाजूला आणखी ताणून पाहिलं, फक्त ३० ग्रॅम लावले. फिरवायला अवघड, बूच डुलत होतं, पण जमलं. घड्याळावर २८.६, गणिताने २४.५. आता फरक लपण्यासारखा राहिला नव्हता.

त्रिज्या आम्ही फार निगुतीने मोजली होती, तीच नडली. दोरी काही पूर्ण आडवी फिरत नाही, बूच आपल्या वजनाने थोडं खाली झुकतं. म्हणून ज्या मुलीने कौलांवर गेलेलं बूच बघितलं होतं तिने प्रत्येक वजनासाठी फिरत्या बुचाखाली फरशीवर खडूने वर्तुळ आखलं होतं आणि खरी आडवी त्रिज्या काढली होती. ५० ग्रॅमला ६९ सेंटिमीटर, ३० ग्रॅमला ५६. गणितात तीच घातली होती. पुस्तकात त्रिज्याच लिहिली आहे, तिचं काय चुकलं?

आम्ही बाजूने फोटो काढला आणि त्यावर रेघा मारत बसलो. दोरी तिरकी असेल तर तिचा सगळा ताण केंद्राकडे ओढत नाही. त्याचा एक वाटा बुचाचं वजन पेलायला जातो, आडवा वाटा तेवढा वर्तुळासाठी उरतो. आम्ही त्रिज्या आडवी घेतली आणि बल मात्र अख्खं घेतलं. दोरी जितकी झुकेल त्याच प्रमाणात आडवं बल कमी होतं आणि त्याच प्रमाणात आडवी त्रिज्याही कमी होते. दोन्ही वाटे एकमेकांना छेदून जातात. तेव्हा एकतर दोन्ही आडवे घ्या, नाहीतर दोन्ही अख्खे घ्या. अख्खे घेणं केव्हाही सोपं: बल म्हणजे लोंबतं वजन आणि लांबी म्हणजे कड्यापासून बुचाच्या मध्यापर्यंतची दोरी, तिरकी आहे तशी. झुकाव मोजायची गरजच नाही.

७५ सेंटिमीटर घालून पुन्हा गणित केलं. ५० ग्रॅमला २२.०, ३० ग्रॅमला २८.४. खडूच्या वर्तुळांवर पाणी टाकलं आणि काकांनी फरशी पुसून घेतली.

२५० ग्रॅमला दोरी पाच अंशांहूनही कमी झुकते, म्हणून तिथे कुठलीही लांबी घ्या, उत्तर तेच येतं. मोठी वजनंच वापरणाऱ्याला हा घोळ कधी दिसणारच नाही. एकाने विचारलं, २० ग्रॅम लावले तर? बुचाचं वजनच तेवढं. झुकावाचं गणित बूच भागिले लोंबतं वजन असं चालतं, ते १ झालं की दोरी सरळ खाली. लोंबतं वजन बुचापेक्षा जास्तच लागतं, आणि दुप्पट तरी असावं असं माझं मत.

२० ऑगस्ट

मोबाइलवर फायफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, फुकट. त्यात अभिकेंद्री त्वरणाचा प्रयोग तयारच मिळतो. केक सजवायच्या फिरत्या ताटावर मोबाइल पट्टीने बांधला, समोरच्या बाजूला तोलासाठी दुसरा. पहिल्या मोबाइलने नकारच दिला, त्यात जायरोस्कोप (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) नव्हता. स्वस्त मोबाइलमध्ये बहुधा नसतो, आधी बघून घ्या.

दुसऱ्यावर आलेख सुंदर आला, कोनीय वेगाच्या वर्गाशी त्वरण सरळ रेषेत. चढावरून त्रिज्या ९.६ सेंटिमीटर निघाली, पट्टीने मोबाइलच्या मध्यापर्यंत ७ भरत होती. सेन्सर मोबाइलच्या मध्यात नसतो, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटांत होतं सगळं. प्रदर्शनात ठेवू एका कोपऱ्यात, पण हाताला ओढ लागत नाही. वजन दुप्पट केल्यावर मनगटाला जे कळतं ते पडद्यावरच्या रेषेत नाही.

उद्यापासून वर्गात लक्ष कोणाचंच नसेल. माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या) बाजाराच्या गप्पा आत्ताच सुरू आहेत.

८ सप्टेंबर

सुट्टीनंतर शेवटची वाचनं. बूच २० ग्रॅम, दोरी ७५ सेंटिमीटर, प्रत्येक वजनाला वर-खाली दोन्हीकडची सरासरी, वेळ वीस फेऱ्यांचा. ५० ग्रॅमला २२.३ सेकंद, १०० ला १५.५, १५० ला १२.६, २०० ला ११.१, २५० ला ९.७.

पन्नासचे दोनशे केले, बल चौपट, वेळ २२.३ वरून ११.१. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिले आणि पुढे काही बोललो नाही.

मुलांनी आधी बल आणि आवर्तकाळाचा आलेख काढला. तो वाकडा येतो आणि वाकड्या रेषेवरून वर्ग की घन ते ओळखता येत नाही, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मग आवर्तकाळाचा वर्ग करून त्याचा व्यस्त आडव्या अक्षावर घेतला, बल न्यूटनमध्ये उभ्या अक्षावर. पाचही ठिपके एका पट्टीवर, रेषा शून्यातून. चढ ०.५८५ आला. गणिताने ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले वस्तुमान गुणिले लांबी, म्हणजे ०.५९२. फरक सव्वा टक्क्याच्या आत. २०० ग्रॅमचा ठिपका रेषेपासून जरा सुटलेला आहे, त्याला तसाच राहू दिला.

चढ हातात आला की गणित उलटंही चालवता येतं. काकांनी काळ्या चिकटपट्टीत काहीतरी गुंडाळून दिलं, तोलायची मनाई. मुलांनी १०० ग्रॅमपासून वरची वजनं लावून फिरवलं, चढ ०.९३ निघाला. त्यावरून वस्तुमान ३१.४ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर ३१.९ भरलं. आत कपाटाचं जुनं कुलूप होतं.

खर्च: दोन रिंगा १६०, तंगूस ६०, वायसर आणि तार १४०, एराल्डाइट ७०. पाइप फुकट, बूच आणि हेल्मेट घरचंच. ताणकाटा लॅबचा.

आज शेवटी कडं एका बाजूने पाइपवरून सुटू लागलंय. तांब्याला आधी खरखरीत पॉलिश पेपर मारून मग चिकटवायला हवं होतं, प्रदर्शनाआधी काढून तसं करणार आहे. तुम्ही करत असाल तर रिंगा तीन घ्या.